ताडपत्रीखाली काय आहे, ते वाटेवरच्या वाडीला कोण सांगणार?



पोळ्याच्या करीच्या दिवशीची गोष्ट आहे. गोरेगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला. चाकं मोजता मोजता पोरं दमली. वर ताडपत्री आवळून बांधलेली, पुढं लाल झेंडी लावलेली जीप. पावसानं रस्त्याची कड खचली होती, त्यामुळं ट्रेलर दीड दिवस तिथंच अडकून पडला. तेवढ्यात आसपासच्या वाड्यांवर बातमी पसरली, की त्यात 'अणूचं' काहीतरी हाय. कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे जैतापूरला चाललेली भट्टी. एका वाडीवरच्या बाया त्या रात्री लेकरं घेऊन माळावरच्या देवळात जाऊन झोपल्या. दुसऱ्या वाडीवरचे चौघं मात्र अंधारात ताडपत्री उचकून पाहून आले, लोखंडाचा एखादा तुकडा सुटतो का म्हणून.

सकाळी आम्ही चौकशीला निघालो. एका कार्यालयात म्हणाले, आमच्याकडं नोंद नाही. दुसऱ्या कार्यालयात साहेबांनी उलटं आम्हालाच विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" शेवटी ड्रायव्हरनंच चहा पिता पिता कागद दाखवला. वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर होता. देवळात झोपलेल्या बाया हसल्या, ताडपत्री उचकणारे जरा लाजले, आणि गोष्ट तिथंच मिटली.

आमच्या डोक्यातून मात्र ती जाईना. त्या ताडपत्रीखाली खरंच तसला माल असता तर? एक वाडी भिऊन पळालीच होती. दुसऱ्या वाडीनं तो हातानं उचलून घरी आणला असता. खरं काय ते दोघांनाही सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून या अंकात वनहक्काच्या दाव्यांच्या आधी या विषयावर लिहीत आहोत. शेवटपर्यंत वाचा, दाव्यांशी याचा संबंध आहे.

तसला माल रस्त्यानं जातो का?

जातो. झारखंडात जादूगोडा म्हणून गाव आहे. संथाळ, हो, मुंडा या आपल्याच आदिवासी भावांचा मुलूख. १९६७ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी तिथं जमिनीखालून युरेनियमचा दगड काढते. दगड दळून त्याची पिवळी भुकटी करतात आणि पिंपांत भरून हैदराबादला पाठवतात. हैदराबादला १९७१ साली उभा राहिलेला कारखाना आहे, तिथं अणुभट्टीचं इंधन बनतं. तिथून ते पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला, गुजरातेत काक्रापारला, कर्नाटकात कैगाला, राजस्थानात रावतभाट्याला जातं.

नवं इंधन एवढं भयंकर नसतं. कारखान्यातले कामगार हातमोजे घालून ते हाताळतात. खरी भीती भट्टीत वापरून झालेल्या इंधनाची. ते वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावं लागतं. उघड्यावर त्याच्याजवळ उभा राहिलेला माणूस थोड्याच वेळात मरणाच्या दारात जातो. तारापूरला अशा इंधनावर पुन्हा प्रक्रिया करायचा कारखाना आहे, आणि राजस्थानच्या भट्टीतलं वापरलेलं इंधन त्यासाठी तिथं आणलेलं आहे.

दुसरा माल डब्यात मावेल एवढाच, पण जास्त ठिकाणी फिरणारा. तो म्हणजे कोबाल्ट, इरिडियम असे धातू. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा खात्याचं केंद्र आहे, तिथून हे देशभर जातात. कॅन्सरच्या रोग्याला दवाखान्यात 'लाइट' देतात, त्यातल्या कितीतरी मशिनींत कोबाल्ट असतो. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून हीच किरणं देतात. मोठ्या पाइपलाइनचे सांधे तपासणारे लोक इरिडियमचा डबा गाडीत घेऊन गावोगाव फिरतात.

हे सगळं बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. आमच्यातल्याच एकाची आई लाइट घेऊन बरी झाली, आज ती शेतात निंदणीला जाते. ज्या किरणांनी ती वाचली, त्याच किरणांचा डबा रस्त्यावर फुटला तर काय करायचं, एवढंच आमचं विचारणं आहे.

शाळेतला भारताचा नकाशा काढा आणि हैदराबाद ते रावतभाटा पट्टी ठेवून रेघ मारा. ती पुसद-हिंगोलीच्या अंगावरून जाते. हैदराबाद ते तारापूर मारा, ती लातूर-बीडच्या बाजूनं जाते. आता गाडी काही रेघेवरून जात नाही. ती रस्त्यानं किंवा रुळावरून जाते. कोणत्या वाटेनं आणि कोणत्या दिवशी, हे जाहीर करत नाहीत. चोरी होऊ नये, घातपात होऊ नये, हे त्याचं कारण. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं सरकारला अशी माहिती रोखून धरायचा अधिकार दिला. कारण खोटं नाही, हे आम्हाला पटतं. पण एवढ्यावर विषय संपत नाही.

डबा मजबूत, पण माणसाचं काय?

सरकार म्हणतं, डबा मजबूत असतो. ते खरं आहे. सगळ्यात धोक्याच्या मालाच्या डब्याला कडक परीक्षा असते. नऊ मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घरावरून, कठीण जमिनीवर टाकून बघतात. एक मीटरवरून लोखंडी खुंटीवर आपटतात. आठशे अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात. पाण्यात बुडवतात. हे नियम जगभर १९६१ पासून चालत आले आहेत आणि आपला देशही ते मानतो. आपल्याकडं १९८३ सालापासून अणुऊर्जा नियामक मंडळ त्यावर देखरेख करतं. पण २०१० साली हे मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली होतं, त्याच आयोगाच्या छत्राखाली भट्ट्याही चालत होत्या. ज्याचं दुकान त्याचाच तराजू, मग मापाची खात्री गिऱ्हाइकानं कुणाकडं करायची?

आणि आजवर माणसं मेली ती डबा आपटून मेली नाहीत. डब्यात काय आहे हे न कळल्यामुळं मेली.

२०१० च्या एप्रिलची गोष्ट घ्या. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्टचं एक जुनं यंत्र होतं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठानं ते भंगारात लिलावाला काढलं. ना खूण, ना कागद, ना सूचना. भंगाराच्या गाडीत चढवून ते मायापुरीच्या भंगार बाजारात नेलं. तिथं ते तोडलं, तुकडे दुकानादुकानांत विकले. एका दुकानदाराची कातडी काळी पडली, केस गळाले. एका माणसानं तर लहानसा चकचकीत तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला होता. दवाखान्यात डॉक्टरांना शंका आली तेव्हा सरकारी माणसं मोजायचं यंत्र घेऊन धावली. २६ एप्रिलला एक मजूर मेला. शिकल्या-सवरल्या प्राध्यापकांच्या इमारतीतून निघालेला माल सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाच्या हातात जाऊन पडला, आणि मधल्या वाटेवर त्याला कुणीच अडवलं नाही.

ब्राझील देशात १९८७ साली असंच झालं. गोयानिया शहरातल्या बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी एक मशीन उचकटून भंगारवाल्याला विकलं. आत अंधारात निळी चमकणारी भुकटी निघाली. लोकांनी ती कौतुकानं घरी नेली, लेकरांना दाखवली, अंगाला लावली. चार जणं मेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ माणसांच्या अंगावर नाहीतर अंगात ते विष सापडलं.

भंगाराचं आम्ही मुद्दाम सांगतो. सुगी संपली की आपली किती पोरं पुण्या-मुंबईला भंगाराच्या दुकानात कामाला जातात, हे ज्या त्या घराला माहीत आहे. रस्त्यावर टँकर उलटला की आपण कॅन घेऊन पळतो, हेही खरं आहे. त्यात लाजायचं काही नाही, ते गरिबीमुळं होतं. पण या एका मालाच्या बाबतीत ती सवय जीव घेईल. त्याला वास नाही, धूर नाही, चटका नाही. हातात घेतलं तरी त्या घडीला काही कळत नाही. उलट्या, केस गळणं, कातडी जळणं हे नंतर येतं.

जादूगोड्याचं पाणी

माल नुसता गाडीनंच जातो असं नाही. जादूगोड्यात दगड दळून उरलेला विषारी गाळ नळानं तळ्याकडं नेतात. २४ डिसेंबर २००६ च्या रात्री डुंगरीडीह गावाजवळ तो नळ फुटला. सुमारे नऊ तास गाळ वाहत राहिला आणि ओढ्यात उतरला. नळ फुटल्याचं कंपनीला कळवणारी यंत्रणाच नव्हती, गावातल्या लोकांनी जाऊन सांगितलं. आणि हे गाव कुणाचं? गाळाच्या तळ्यांसाठी आधी जागेवरून उठवलेल्या आदिवासी घरांचं. आधी जमीन गेली, मग त्याच कामाची घाण दारात आली, आणि पहारा करायचं कामही त्यांच्यावरच पडलं. पगार नसलेला पहारेकरी म्हणजे आदिवासी.

कायदा काय म्हणतो?

२०१० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. २४ ऑगस्टला केंद्र सरकारनं ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीला परवानगी नाकारली. डोंगरिया कोंध भावांच्या वनहक्कांचं काय झालं, हा प्रश्न त्यात मोठा होता. आपण मिठाई वाटली. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, लोकसभेनं अणुअपघाताच्या भरपाईचं विधेयक मंजूर केलं, आणि ३० ऑगस्टला राज्यसभेनंही. ते मात्र आपल्यापैकी कुणी वाचलं नाही. आम्ही मिळवून वाचलं.

त्यात लिहिलं होतं, की भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी जास्तीत जास्त १५०० कोटी रुपये. भट्टीकडं जाणाऱ्या-येणाऱ्या मालाचा वाटेत अपघात झाला तर तोही त्यात धरला होता, हे चांगलं होतं. नियामक मंडळानं अपघात झाल्याचं पंधरा दिवसांच्या आत जाहीर करायचं होतं. भरपाईच्या कामाला पंधरा दिवस ठीक असतील. पण ज्याच्या विहिरीशेजारी गाडी उलटली, त्यानं पंधरा दिवस पाणी कुठलं प्यायचं? आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात होती. दवाखाना, कारखाना, शेती यांच्या वापरासाठी तयार झालेला कोबाल्टसारखा माल त्या कायद्याच्या बाहेर ठेवला होता. म्हणजे मायापुरीसारखं इथं घडलं असतं, तर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना त्या कायद्यानं एक रुपया मिळाला नसता. भोपाळच्या लोकांना पंचवीस वर्षांनी, २०१० च्या ७ जूनला, आरोपींना दोन वर्षांची शिक्षा ऐकायला मिळाली. न्याय किती उशिरा आणि किती थोडा येतो, ते आपण पाहिलंय.

आपल्या दाव्यांशी संबंध काय?

आता मुद्द्याची गोष्ट. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याचा आराखडा करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडं आहे. पूर, आग, अपघात, सगळं त्यात येतं. असा आराखडा गावांच्या यादीवर होतो, आणि यादी महसुली गावांची असते. आपल्या कितीतरी वाड्या महसुली नोंदीतच नाहीत. जनगणनेत त्या शेजारच्या गावात मोजल्या, रेशन दुसऱ्या गावातून, मतदान तिसऱ्या गावात. रस्त्यावर काही घडलं तर कोणत्या गावांना सांगायचं, याची यादी कुणी उघडली तरी तिथं आपलं नाव नाही. जी वाडी कागदावर नाही, तिला धोक्याची सूचना जाणार कुठल्या पत्त्यावर?

म्हणून वनहक्क कायद्याचं कलम ३ (१) (एच) पुन्हा वाचा. वनगावं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं यांना महसुली गावाचा दर्जा मिळवण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. आपण शेताच्या पट्ट्याचे दावे भरले, सामूहिक हक्काचे काही भरले, पण या कलमाचे दावे फारच थोड्या वाड्यांनी भरले. हिंगोली जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळं किनवटच्या भावांना पेसाचा जो आधार आहे तो आपल्याला नाही. आपला आधार हा वनहक्क कायदा आणि आपली ग्रामसभा. वाडीचं नाव कागदावर चढणं हा नुसता शाळेचा आणि रस्त्याचा प्रश्न नाही, जीव वाचवायच्या यादीत येण्याचाही प्रश्न आहे.

जैतापूरजवळ माडबनच्या बहुतेक शेतकऱ्यांनी २०१० साली जमिनीचे चेक घ्यायला नकार दिला. भट्टी जिथं होणार, तिथल्या माणसाला निदान नोटीस तरी येते, तो तिला नाही म्हणू शकतो. वाटेवरच्या माणसाला नोटीससुद्धा येत नाही.

आम्ही काय मागतो?

वाट जाहीर करा, असं आम्ही म्हणत नाही. तारीख सांगा, असंही म्हणत नाही. तुमचं गुपित तुमच्याजवळ ठेवा. पण तयारीला गुपित लागत नाही. पोलीस पाटलाला, कोतवालाला, आशा ताईला, शाळेच्या मास्तरांना खूण ओळखायला शिकवलं तर कोणती चोरी होणार आहे? तालुक्याच्या दवाखान्यात किरणं मोजायचं यंत्र ठेवलं तर कुणाचं नुकसान आहे?

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं हा ठराव मांडावा:

एक. जिल्हा प्राधिकरणानं किरणोत्सर्गी मालाच्या अपघाताचा भाग आपल्या आराखड्यात घालावा आणि तो मराठीत ग्रामपंचायतीला द्यावा.
दोन. महसुली नोंदीत नसलेल्या प्रत्येक वाडीचं नाव त्या आराखड्याच्या यादीत लिहावं. कलम ३ (१) (एच) चे दावे निकाली निघेपर्यंत थांबू नये.
तीन. पोलीस ठाणं, आरोग्य केंद्र आणि प्रत्येक वाडीतली एक बाई, एक गडी यांना प्रशिक्षण द्यावं.
चार. भंगाराच्या दुकानांत खुणेचं चित्र मराठीतून लावावं.
पाच. दवाखाना-कारखान्याच्या किरणोत्सर्गी मालानं इजा झालेल्यांनाही भरपाईचा कायदा लागू करावा, अशी मागणी खासदारांमार्फत दिल्लीला पाठवावी.

तोंडी मांडू नका. वहीत लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या, ग्रामसेवकाकडून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द, हे दाव्यांच्या वेळी आपण शिकलो.

आणि सरकारची वाट न पाहता आजपासून एवढं लक्षात ठेवा

या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही स्टेन्सिलवर खूण कोरली आहे. मधे ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती. आपल्या मशीनला रंग येत नाही, म्हणून सांगतो: पिवळ्यावर काळी. पिवळ्या-पांढऱ्या चिठ्ठीवर लाल रेघा असतात. एक, दोन किंवा तीन. तीन रेघा म्हणजे बाहेर सगळ्यात जास्त किरणं.

अशी खूण असलेली गाडी उलटली, किंवा असा डबा कुठं बेवारस दिसला, तर हात लावू नका. निदान शंभर पावलं लांब राहा, वारा ज्या दिशेला जातो तिकडं थांबू नका. लेकरं आणि गुरं आधी हटवा. गाडीत माणूस अडकला असेल तर त्याला जरूर बाहेर काढा, माणसाला सोडून पळू नका, पण डब्याला शिवू नका. नंतर हात-तोंड धुवा, कपडे काढून पिशवीत बांधून वेगळे ठेवा, आणि धुतल्याशिवाय तिथं बिडी, तंबाखू, भाकरी काही तोंडात घालू नका. पोलिसांना ११२ नंबरवर कळवा आणि 'तीन पात्यांची पिवळी खूण' हे शब्द सांगा. भंगारात असा जड, शिशाचा डबा आला तर तोडू नका, मालकानं सांगितलं तरी तोडू नका.

ज्याला वाचता येतं त्यानं हे पान रात्री चावडीवर वाचून दाखवावं. ते फाडून घराच्या भिंतीला लावा. पुण्या-मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत त्याची एक प्रत घाला.

पोळ्याच्या त्या रात्री देवळात झोपलेल्या बायांपैकी एका आजीनं आम्हाला विचारलं, "बाबा, पुढच्या बारीला आमी पळावं का ऱ्हावं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. हे पान म्हणजे आमचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं २ ऑक्टोबरला ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून मागायचं आहे.

जोहार!